काळ्या कातळातले स्फटिक

अणू, आयन किंवा रेणू तिन्ही दिशांना ठरावीक अंतरावर, एकाच नमुन्यात पुन्हापुन्हा मांडले गेले की स्फटिक तयार होतो. मीठ, साखर, बर्फ, हिरा, तुरटी, मोरचूद हे सगळे स्फटिकच. लोखंडाचा खिळाही बारीक स्फटिकांचाच बनलेला असतो. काच मात्र स्फटिक नव्हे, कारण तिच्यातले अणू द्रवात असावेत तसे विस्कळीत अवस्थेतच गोठलेले असतात. पैलू, धारदार कडा आणि ठरलेले कोन ही आतल्या मांडणीची बाहेर दिसणारी खूण आहे, पण ती प्रत्येक स्फटिकाला लाभत नाही. पैलू उमटायचे तर स्फटिकाभोवती मोकळी जागा हवी, आणि जमिनीखाली नेमकी तीच दुर्मीळ असते. ग्रॅनाइटमधले गारेचे कण एकमेकांना भिडून वाढतात, त्यामुळे त्यांना स्वतःचा आकार घेताच येत नाही.

महाराष्ट्रातल्या काळ्या कातळात अशी मोकळी जागा विपुल आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मोहरीच्या दाण्याएवढ्या छिद्रांपासून माणूस आत शिरू शकेल एवढ्या पोकळ्यांपर्यंत सर्व आकारांच्या रिकाम्या जागा आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींच्या भिंतींवर पैलूदार खनिजांचे थर वाढलेले आहेत. पुणे, नाशिक आणि जळगाव ही नावे जगातल्या मोठ्या खनिजसंग्रहालयांमधल्या चिठ्ठ्यांवर याच स्फटिकांमुळे पोचली. स्फटिक कसा जन्मतो आणि कसा वाढतो, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधावी लागत नाही.

कोनांपासून क्ष-किरणांपर्यंत

स्फटिकांच्या शास्त्राची सुरुवात कोन मोजण्यापासून झाली. डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि इटलीत काम करणारा निकोलस स्टेनो याने १६६९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात गारेच्या स्फटिकांविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले. स्फटिक लहान असो वा मोठा, बुटका असो वा लांबट, त्याच्या समान पैलूंमधले कोन बदलत नाहीत. १७८३मध्ये फ्रान्सच्या रोमे द लील याने हाच नियम अनेक खनिजांवर कोन मोजून पक्का केला. त्याच सुमारास रेने-जुस्त आयुई कॅल्साइटचे तुकडे फोडत होता. मूळ स्फटिकाचा आकार कसाही असला तरी फुटल्यावर त्यातून एकाच प्रकारचे तिरकस ठोकळे निघतात, हे पाहून त्याने अनुमान काढले की प्रत्येक स्फटिक एकसारख्या सूक्ष्म एककांच्या रचनेतून बनतो. अणू कोणीही पाहिलेला नसताना केलेले हे अनुमान जवळजवळ बरोबर होते.

गणितज्ञांनी पुढचा टप्पा कागदावरच गाठला. एकच नमुना अवकाशात सर्वत्र पुन्हापुन्हा मांडण्याच्या मूलभूत चौकटी फक्त १४ आहेत, आणि सममितीचे सर्व प्रकार धरले तर अशा मांडणीच्या एकूण २३० पद्धती निघतात. रशियाचा फेडोरोव आणि जर्मनीचा शोनफ्लिस हे दोघे १८९१च्या सुमारास स्वतंत्रपणे याच आकड्याशी पोचले. प्रत्यक्ष पुरावा १९१२मध्ये म्युनिकला मिळाला. माक्स फॉन लाउए याच्या सूचनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले, तेव्हा छायाचित्रपट्टीवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. पुढच्याच वर्षी विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी मिठातल्या सोडियम आणि क्लोरीनच्या जागा निश्चित केल्या. १९१५चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले, तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता.

या गणितातून एक बंधन निघते. स्फटिकात दोन, तीन, चार किंवा सहा पदरी सममिती असू शकते, पाच पदरी असू शकत नाही, कारण नियमित पंचकोनांनी मधे फट न ठेवता जागा भरता येत नाही. दान शेख्तमान याला ८ एप्रिल १९८२ रोजी ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांच्या झपाट्याने थंड केलेल्या मिश्रधातूत निषिद्ध मानलेली सममिती दिसली, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. त्या पदार्थातली मांडणी नियमबद्ध होती, पण ठरावीक अंतराने पुन्हा येणारी नव्हती. अशा पदार्थांना आता अर्धस्फटिक म्हणतात आणि शेख्तमानला २०११मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पाचाच्या आकड्याचा आणखी एक प्रकार पुण्याजवळ सापडतो, तो पुढे येईलच.

बीजकणाचा जन्म

पाण्यात एखादा पदार्थ विरघळण्याला मर्यादा असते. ती मर्यादा गाठली की द्रावण संपृक्त होते. पाणी आटले किंवा थंड झाले की द्रावणात मर्यादेपेक्षा जास्त पदार्थ उरतो आणि ते अतिसंपृक्त होते. एवढे झाल्यावर स्फटिक आपोआप पडावेत, असे वाटते. प्रत्यक्षात अतिसंपृक्त द्रावण तासन्‌तास, कधी कधी वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. सर्वांत कठीण पायरी पहिलीच असते.

याचे कारण पृष्ठभागात आहे. काही रेणू एकत्र येऊन नीट रचले गेले की ऊर्जा कमी होते, पण त्या इवल्याशा पुंजक्याला पृष्ठभाग निर्माण करावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. पुंजका लहान असताना त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो. त्यामुळे खर्च मिळकतीपेक्षा जास्त होतो आणि पुंजका पुन्हा विरघळून जातो. योगायोगाने तो एका ठरावीक आकारापलीकडे गेला, तर मात्र हिशेब उलटतो आणि पुढची प्रत्येक भर त्याला अधिक स्थिर करते. या उंबरठ्यावरच्या कणाला बीजकण म्हणतात. त्यात साधारणपणे काही डझन ते काहीशे रेणू असतात. द्रावण जितके अधिक अतिसंपृक्त, तितका हा उंबरठा खाली येतो.

परका पृष्ठभाग मिळाला तर काम सोपे होते, कारण पृष्ठभागाचा काही खर्च वाचतो. धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा किंवा कापसाचा दोरा एवढेही पुरते. खडीसाखर करताना पाकात दोरे सोडतात ते याचसाठी. अतिशय शुद्ध पाण्याच्या सूक्ष्म थेंबात असा आधार नसतो, म्हणून तो उणे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवच राहू शकतो. उंच ढगांमध्ये अशा थेंबांचे मोठाले साठे असतात आणि एखादा योग्य धूलिकण भेटला की ते गोठू लागतात.

बीजकण हा योगायोगाचा खेळ असल्याने त्यातून अनपेक्षित प्रसंग उद्भवतात. एकाच पदार्थाचे रेणू दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात, आणि पहिल्यांदा तयार होणारा प्रकार नेहमी सर्वांत स्थिर असतोच असे नाही. एड्सवरचे रिटोनाविर हे औषध १९९६मध्ये बाजारात आले. १९९८मध्ये कारखान्यात त्याचा दुसराच, कमी विरघळणारा स्फटिकप्रकार अचानक दिसू लागला. तो एकदा प्रकट झाल्यावर जुना प्रकार मिळवणेच अवघड होऊन बसले. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या पद्धतीने तयार करावे लागले. औषधाचे रेणू तेच होते, बदलली होती फक्त त्यांची मांडणी. तेव्हापासून औषधनिर्मितीत स्फटिकप्रकारांचा शोध आधीच घेण्यावर फार भर दिला जातो.

पायऱ्या, खाचा आणि मळसूत्र

बीजकण टिकला की वाढ सुरू होते. द्रावणातला रेणू स्फटिकाच्या सपाट पैलूवर येऊन बसला, तर त्याला फक्त खालून आधार मिळतो. असा रेणू लवकरच निसटतो. पैलूवर अर्धवट भरलेला थर असेल तर त्या थराच्या कडेला एक पायरी असते, आणि तिथे रेणूला खालून व बाजूने असा दुहेरी आधार मिळतो. पायरीतही जिथे खाच असते, तिथे तो आणखी घट्ट बसतो. अपुऱ्या राहिलेल्या विटांच्या ओळीत गवंडी पुढची वीट कोपऱ्याला लावून बसवतो, तसाच हा प्रकार. कोसेल आणि स्त्रान्स्की यांनी १९२०च्या दशकात हे चित्र मांडले.

मग एक पेच उभा राहिला. ओळ भरत गेली की पायरी पैलूच्या टोकाला पोचते आणि नाहीशी होते. नवा थर सुरू करायचा तर सपाट पैलूवर पुन्हा एक बीजकण जमला पाहिजे, आणि गणिताप्रमाणे त्याला फार मोठी अतिसंपृक्तता लागते. प्रयोगशाळेत मात्र एक टक्क्याच्या आसपास अतिसंपृक्ततेतही स्फटिक व्यवस्थित वाढताना दिसत होते. ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक याने १९४९मध्ये या पेचाचे उत्तर दिले. खरे स्फटिक निर्दोष नसतात. त्यांच्या मांडणीत कुठे तरी पीळ पडलेला असतो आणि त्या पिळामुळे पैलूवर एक पायरी कायमचीच उरते. रेणू भरत गेले की ती पायरी संपत नाही, मळसूत्रासारखी गोल फिरत वर चढत राहते. पुढच्याच वर्षी बेरिल या खनिजाच्या पैलूवर सूक्ष्मदर्शकाखाली अशी वळणे प्रत्यक्ष पाहिली गेली. या विषयातला हा सर्वांत देखणा निष्कर्ष म्हणावा लागेल. स्फटिक वाढू शकतो तो त्याच्यातल्या दोषामुळे.

आकाराचे गणितही सहज मनात येते त्याच्या उलट आहे. जो पैलू वेगाने पुढे सरकतो, तो मोठा होईल असे वाटते, पण तसे घडत नाही. वेगाने वाढणारा पैलू लहान लहान होत शेवटी कडेत किंवा टोकात विरून जातो आणि मंद वाढणारे पैलू उरतात. त्यामुळे तयार स्फटिकाचा आकार त्याच्या सर्वांत संथ बाजूंनी ठरवलेला असतो. द्रावणातला एखादा परका पदार्थ ठरावीक पैलूला चिकटून त्याची वाढ रोखू लागला, की तोच पैलू मोठा होतो आणि सगळा आकारच पालटतो. मीठ एरवी घनाकृती पडते, पण लघवी मिसळलेल्या द्रावणात ते अष्टफलक होते, हे रोमे द लीलनेच अठराव्या शतकात नोंदवले आहे. त्यामागे युरियाचा हात होता.

वेगाचा परिणाम कोकणातल्या मिठागरांत उघड्या डोळ्यांनी दिसतो. समुद्राचे पाणी आटत जाताना आधी चुन्याचे क्षार, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ या क्रमाने पदार्थ खाली बसतात. म्हणूनच पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत नेले जाते. बाष्पीभवन संथ असेल तर खडा मोठा होतो, आणि ऊन व वारा जोरात असतील तर एकाच वेळी असंख्य बीजकण जन्मतात व मीठ बारीक पडते. अतिसंपृक्तता फारच वाढली तर स्फटिकाचे कोपरे इतर भागांपेक्षा पुढे पळतात, मग फांद्या फुटतात, आणि त्याहीपुढे एका केंद्रातून चहूकडे सुया निघून गोळे तयार होतात. आकार पाहून वाढीच्या वेळची परिस्थिती ओळखता येते ती अशी.

संथपणाची कमाल मेक्सिकोतल्या नाइका खाणीत आहे. जमिनीखाली सुमारे ३०० मीटरवर २०००मध्ये खाणकामगारांना एक गुहा लागली, तिच्यात ११ मीटरपर्यंत लांबीचे जिप्समचे पारदर्शक स्तंभ होते. हुआन मानुएल गार्सिया-रुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये त्याचा उलगडा केला. साधारण ५८ अंशांच्या वर ॲनहायड्राइट हे खनिज स्थिर असते आणि त्याखाली जिप्सम. गुहेतले पाणी दीर्घकाळ या सीमेच्या किंचित खाली राहिले. ॲनहायड्राइट हळूहळू विरघळत गेले आणि जिप्सम तितक्याच हळूहळू साठत गेले. अतिसंपृक्तता इतकी अल्प होती की नवे बीजकण जवळजवळ जन्मलेच नाहीत. जे मोजके होते, त्यांनाच सगळा पदार्थ मिळाला. पुढे मोजलेल्या वेगावरून एक मीटर जाडीचा स्तंभ व्हायला सुमारे १० लाख वर्षे लागतात. थोडे बीजकण, भरपूर वेळ आणि मोकळी जागा, एवढीच मोठ्या स्फटिकाची कृती आहे.

दख्खनचा लाव्हा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हाचे पूर आले. थरावर थर साचून सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात गेली, आणि आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हा लाव्हा सुमारे ११०० ते १२०० अंशांचा होता. उघड्यावर तो भराभर थंड झाला, म्हणून बेसॉल्टमधले स्फटिक डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत एवढे बारीक राहिले. काही शिलारस मात्र वर येण्याआधी खोल कुठे तरी थांबून राहिला होता. त्याच्यात प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पट्टे आधीच वाढलेले होते. सह्याद्रीच्या उत्तर भागात असे मोठ्या स्फटिकांचे बेसॉल्ट थर आढळतात.

इथे एका गैरसमजाचा खुलासा करायला हवा. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे, बहुकोनी खांब पाहून ते प्रचंड स्फटिक असावेत असे अनेकांना वाटते. ते स्फटिक नाहीत. थंड होताना खडक आकसला आणि त्याला तडे गेले, त्या तड्यांनी हे खांब कापले. त्यांचा आकार अणूंच्या मांडणीतून आलेला नाही, आणि त्यांचे कोनही एकसारखे नसतात.

लाव्हात विरघळलेली पाण्याची वाफ आणि इतर वायू दाब कमी होताच बुडबुड्यांच्या रूपाने वर धावले. वरचा थर घट्ट होत आल्याने ते तिथेच अडकले. म्हणून बेसॉल्टच्या बहुतेक थरांचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. घट्ट भाग इमारतीला आणि खडीला उपयोगी पडतो. सच्छिद्र भागात पाणी मुरते, म्हणून विहिरी तिथपर्यंत खोदाव्या लागतात. नगर, नाशिक आणि जळगावच्या शेतांतल्या विहिरींमधून सुंदर स्फटिक निघतात, त्याचे कारण हेच. पाणी आणि स्फटिक यांना एकच जागा लागते.

पोकळ्या भरल्या त्या लाव्हा थिजल्यानंतर. जमिनीत मुरलेले पाणी खालच्या उष्णतेने तापले आणि तड्यांतून फिरू लागले. बेसॉल्टमधली ज्वालामुखी काच या गरम पाण्याला सहज बळी पडते. तिच्यातून सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम पाण्यात उतरले. पाणी पोकळीत पोचून थोडे निवले किंवा त्याचे रसायन बदलले की ते अतिसंपृक्त व्हायचे, आणि पोकळीच्या भिंतीवर बीजकण रुजायचे. तापमान बहुधा २०० अंशांच्या आतबाहेर किंवा त्याहून बरेच कमी असे. पाणी तिथून पुन्हापुन्हा वाहून गेले आणि प्रत्येक वेळी त्याने थोडा पदार्थ मागे सोडला.

एखादी भरलेली पोकळी आडवी कापली तर हा सगळा क्रम वाचता येतो. भिंतीला लागून हिरवट चिकणमातीच्या खनिजांचा पातळ लेप असतो. त्यावर अनेकदा कॅल्सेडोनीचा थर असतो. मग ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट येतात. त्यांच्यावर मेसोलाइट किंवा स्कोलेसाइटच्या सुया आणि अपोफायलाइटचे चकचकीत पिरॅमिड दिसतात. कॅल्साइट मधे केव्हाही हजेरी लावते. क्रम जागेनुसार बदलतो, आणि एकाच खनिजाच्या दोन-तीन पिढ्याही एकाच पोकळीत भेटतात. मुंबईच्या सुखेश्वाला, आवासिया आणि गंगोपाध्याय या भूशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये पश्चिम भारतातल्या या खनिजांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते खनिज कोणत्या पट्ट्यात प्रमुख आहे हे कळले, की त्या भागातला खडक पूर्वी किती खोल गाडला गेला होता आणि किती तापला होता याचा अंदाज बांधता येतो.

ही वाढ किती काळ चालली, याचे उत्तर अपोफायलाइटमध्ये दडले आहे. त्यातल्या पोटॅशियमच्या जागी थोडे रूबिडियम शिरते आणि त्याच्या किरणोत्सर्गी क्षयावरून वय काढता येते. त्या मोजमापांनुसार काही अपोफायलाइट लाव्हा थंड झाल्यावर काही कोटी वर्षांनी वाढले. खडक जुना आणि त्यातला स्फटिक बराच तरुण, अशी ही जोडी आहे.

वाघोलीचा निळा, पाषाणचा हिरवा

पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या दगडखाणींनी खनिजसंग्राहकांना कॅव्हान्साइट दिले. हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे पाणीयुक्त खनिज अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९६०च्या दशकात प्रथम सापडले आणि १९७३मध्ये नवे खनिज म्हणून त्याची नोंद झाली. तिथले नमुने अगदी बारीक होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीत पांढऱ्या स्टिल्बाइटवर एक-दोन सेंटिमीटरचे गडद निळे गोळे निघू लागले आणि या खनिजाची ओळखच पालटली. त्याहून चांगले कॅव्हान्साइट अजून जगात कुठेही मिळालेले नाही. प्रत्येक गोळा म्हणजे एका केंद्रातून फुटलेल्या असंख्य स्फटिकांचा झुबका असतो. निळा रंग व्हॅनेडियमचा आहे. बेसॉल्टमध्ये हे मूलद्रव्य दहा लाखांत काहीशे भाग एवढेच असते. गरम पाण्याने ते खडकातून गोळा करून मोजक्या पोकळ्यांमध्ये आणून ठेवले, म्हणून हे खनिज इतके दुर्मीळ आहे.

त्याच खाणींमध्ये पेंटॅगोनाइटही मिळते. दोघांचे रासायनिक सूत्र एकच आहे, फरक आहे तो सिलिकाच्या कड्यांच्या रचनेत. कॅव्हान्साइटमध्ये ही कडी चार आणि आठ घटकांची असतात, तर पेंटॅगोनाइटमध्ये सहा घटकांची. पेंटॅगोनाइटचे पाच स्फटिक ठरलेल्या कोनात एकमेकांना जोडून वाढतात आणि आडव्या छेदात पाच टोकांचा तारा दिसतो. पाच पदरी सममितीचा नियम इथे मोडलेला नाही. प्रत्येक स्फटिक आपापल्या नियमानेच वाढतो, तारा होतो तो पाचांच्या जोडणीमुळे.

पुण्यातच पाषाण टेकडीच्या खाणींतून हिरवे अपोफायलाइट निघाले. अपोफायलाइट एरवी रंगहीन किंवा पांढरे असते. अमेरिकेचे जॉर्ज रॉसमन यांनी १९७४मध्ये पुण्याच्या नमुन्यांवर प्रकाशाचे प्रयोग करून त्यांचा हिरवा रंगही व्हॅनेडियममुळेच आल्याचे दाखवले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी परिसरात याच हिरव्या अपोफायलाइटचे गोलाकार झुबके मिळाले. जळगावच्या बाजूला पाण्यासारखे नितळ अपोफायलाइट आणि पेंढीच्या आकाराचे गुलाबी-पिवळट स्टिल्बाइट मिळते. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींत पॉवेलाइट हे मॉलिब्डेनमयुक्त खनिज निघाले, ते अतिनील प्रकाशात चमकते.

मुंबईची कहाणी वेगळी आहे. मालाड आणि कांदिवलीच्या खाणींत फिकट हिरव्या प्रेहनाइटच्या पोकळ बोटांसारख्या नळ्या सापडत. आधी लॉमोंटाइटचे लांबट स्फटिक वाढले आणि त्यांच्यावर प्रेहनाइटचा लेप बसला. लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावते आणि त्याचा भुगा होतो. तो गळून गेला आणि मागे नुसता साचा उरला. ओकेनाइट या खनिजाचे पांढरे, केसाळ, मऊ गोळेही याच भागात मिळत. त्याच्या सुया इतक्या बारीक असतात की हात लावताच मोडतात.

झिओलाइटची जाळी

स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट आणि लॉमोंटाइट ही सगळी झिओलाइट कुटुंबातली खनिजे. अपोफायलाइट, कॅव्हान्साइट आणि प्रेहनाइट त्यांच्या शेजारी वाढतात, पण त्या कुटुंबातली नाहीत. १७५६मध्ये स्वीडनचा ॲक्सेल क्रोनस्टेट असा एक दगड तापवून पाहत होता, तेव्हा त्यातून वाफ सुटून तो फसफसला. ती वाफ दगडाच्या आतल्या पाण्याची होती. झिओलाइटच्या आत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची उघडी जाळी असते आणि तिच्यातून रेणूंच्या मापाचे बोगदे जातात. त्यांत पाणी आणि कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन राहतात. पुष्कळ झिओलाइटमधले पाणी उष्णतेने काढून टाकता येते आणि जाळी तरी शाबूत राहते. रिकाम्या जागेत दुसरे रेणू सामावतात, पण बोगद्याच्या तोंडात मावतील तेवढेच.

या गुणाचा उपयोग मोठा आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून झिओलाइट कारखान्यात तयार होऊ लागले. सिलिका आणि ॲल्युमिनाचे क्षारयुक्त मिश्रण बंद भांड्यात शंभर अंशांच्या आसपास काही तास ठेवले की काही मायक्रोमीटरचे स्फटिक मिळतात. पोकळीतले पाणी जे काम संथपणे करते, तेच इथे घाईने होते, त्यामुळे दाणे बारीकच राहतात. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मृदू करायला आणि तेलशुद्धीकरणात मोठे रेणू तोडायला हेच दाणे वापरतात. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१मध्ये, रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी संयंत्रे उभी राहिली, त्यांच्या टाक्यांतही कृत्रिम झिओलाइटच होते. ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देते.

खडी आणि नमुना

दख्खनचे स्फटिक मोठ्या संख्येने प्रथम उजेडात आले ते रेल्वेमुळे. १८६३मध्ये पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गासाठी डोंगर फोडताना निघालेले नमुने युरोपच्या संग्रहांत पोचले. त्यानंतर धरणे, रस्ते, विहिरी आणि खडीच्या खाणी यांनी हे काम चालू ठेवले. स्फटिक मिळवण्यासाठी म्हणून इथे सहसा कोणी खाण काढत नाही. सुरुंग उडतो तो खडीसाठी. पोकळी उघडी पडली आणि कामगाराची नजर तिच्यावर गेली तर नमुना वाचतो, नाहीतर तो क्रशरमध्ये जातो. मुंबई उपनगरांतल्या जुन्या खाणी शहराच्या पोटात गेल्या, आणि वाघोलीच्या बाजूलाही वसाहती खाणींना भिडल्या आहेत. एकदा गेलेली जागा पुन्हा पाहायला मिळत नाही.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या खनिजांचा मोठा संग्रह लोकांना पाहता येतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेची एक सहल तिथे जायला हवी. तरी बहुतेक उत्तम नमुने परदेशी विकले जातात, आणि त्यांच्यासोबत जाणारी माहिती पुष्कळदा एखाद्या मोठ्या शहराच्या नावावर संपते. विक्रीसाठी स्फटिक मूळ दगडापासून सुटा केला जातो, तेव्हा त्याच्याखाली काय होते आणि वर काय होते हा पुरावा नष्ट होतो. खनिजांच्या वाढीचा क्रम, तापमान आणि काळ ठरवायला नेमका तोच पुरावा लागतो.

म्हणून विहीर खणताना किंवा पाया काढताना पोकळी लागली, तर तिचा आधी फोटो काढावा. नमुना दगडासकट उचलावा, आम्लाने धुऊ नये. गावाचे नाव, जमिनीपासूनची खोली आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती नमुन्यासोबतच ठेवावी, आणि तो जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला दाखवावा.